गाळ्यांच्या मागच्या दारांची कुलपं काढण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य

विषय : तळमजल्यावरील गाळ्यांची मागील दारे व पॅसेजची जाळी कुलूपबंद न ठेवण्याबाबत

अध्यक्ष महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यांना दोन वाटा आहेत : रस्त्याकडचं शटर आणि आवाराकडचं मागचं दार. मागून बाहेरची माणसं शिरतात, पॅसेजमध्ये दुचाक्या उभ्या राहतात, अशा तक्रारी आल्या म्हणून समितीने पॅसेजच्या लोखंडी जाळीला कुलूप घातलं. मग गाळेधारकांनीही आपापली मागची दारं बंद करून टाकली. कपड्यांच्या दुकानात तर त्या दारासमोर आता खोक्यांची थप्पी लागली आहे. तक्रारी खऱ्या होत्या आणि समितीचा हेतू चांगला होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही ही कुलपं काढावीत अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

आधी रोजची अडचण सांगते. औषधाच्या दुकानात जायचं तर आता फाटकाबाहेर पडून रस्त्याच्या कडेने वळसा घालावा लागतो आणि शटरसमोरच्या पायऱ्या चढाव्या लागतात. मागच्या दाराला पायरी नाही. काठी घेऊन चालणारे, चाकांच्या खुर्चीवर असणारे, कडेवर मूल असलेले सभासद त्याच दाराने जात-येत होते. संध्याकाळच्या गर्दीत आत येणारे, बाहेर जाणारे आणि पैसे द्यायला थांबलेले असे सगळे एकाच तोंडाशी अडकतात. हा विषय काढला तेव्हा ‘थोडा वळसा पडेल, एवढंच’ असं उत्तर मिळालं. प्रश्न केवळ सोयीचा असता तर मी तिथेच थांबले असते.

पण गिऱ्हाइकाची सोय आणि त्याचा जीव या दोन गोष्टी इथे वेगळ्या काढता येत नाहीत. आग लागली की माणूस जवळचं दार शोधत नाही, ज्या दाराने आत आला त्याच दाराकडे धावतो. जगभरच्या आगींच्या तपासात हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. बाहेरची वाट दाखवणारी भिंतीवरची हिरवी पाटी धुरात दिसत नाही, तेव्हा पायाखालची सवयच कामी येते. जे दार आपण रोज वापरतो तेच त्या क्षणी आठवतं. आपण मागचं दार रोजच्या वापरातून काढलं, तेव्हा ते लोकांच्या लक्षातूनही काढलं. उद्या कुलूप कुणी तोडलंच, तरी तिकडे दार आहे हे नव्या गिऱ्हाइकाला कळणार कसं?

आणि आग पुढच्या बाजूलाच लागली तर? पाटीवरचे दिवे, काचेमागची सजावट, वातानुकूलन यंत्राची वायर यांतलं बरंच काही दुकानाच्या तोंडाशीच असतं. अशा वेळी एकमेव वाट आगीतून जाते. कपडे, फोम, प्लॅस्टिक जळताना कार्बन मोनॉक्साइड तर येतोच, काही प्रकारच्या फोममधून हायड्रोजन सायनाइडही येतो. बंद गाळ्यात धूर छताला लागून खाली उतरत येतो आणि शुद्ध जायला काही मिनिटं पुरतात. पॅसेजची किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये असते. तो पाण्याच्या टाकीपाशी किंवा जेवायला गेला असेल, तर त्याला शोधून किल्ली आणायला तेवढी मिनिटं हातात नसतात.

१ ऑगस्ट २००४ रोजी, रविवारी, पॅराग्वेची राजधानी असुन्सिओन इथल्या एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये आग लागली. स्वयंपाकघराच्या सदोष धुराड्यातून ती छतात पसरली. लोक पैसे न देता माल घेऊन पळतील म्हणून दारं बंद करण्यात आली. तीनशेहून अधिक माणसं गेली, त्यांत लहान मुलंही होती. पुढे मालकाला आणि त्याच्या मुलाला तुरुंगवासाची शिक्षा झाली, आणि एका सुरक्षा रक्षकालाही झाली. हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे. आपला वॉचमन समितीच्या सांगण्यावरून कुलूप लावतो, त्याला कुणी विचारलेलं नाही. त्या गरीब माणसाच्या खांद्यावर हे ओझं टाकण्याचा आपल्याला काय अधिकार आहे?

त्याआधी, २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात १४६ कामगार मेले. बहुतेक तरुण मुली होत्या. नवव्या मजल्यावरचा एक जिना कुलूपबंद होता, कारण सुटीच्या वेळी सगळ्यांनी एकाच दाराने जावं आणि पिशव्या तपासता याव्यात. दोन्हीकडे कुलपामागचं कारण चोरीची भीती हेच होतं. आपल्या गाळेधारकांना विचारलं तर तेही हेच सांगतील.

राष्ट्रीय इमारत संहितेत याबाबत स्पष्ट तरतूद आहे : बाहेर पडण्याचं दार आतल्या बाजूने किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाखाली मालक आणि भोगवटादार यांच्यावर जबाबदारी आहे, आणि आगीपासून बचावाची यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून घेऊन अग्निशमन विभागाला द्यायचं असतं. आपल्याकडे त्या वेळी आग विझवायच्या लाल नळकांड्यांवरच्या तारखा पाहिल्या जातात, दारं कुणी उघडून पाहत नाही. पॅसेज सोसायटीचा आहे, जाळी सोसायटीने लावली आहे, तेव्हा तिथे उद्या काही घडलं तर ‘ते गाळेधारकांनी बघायचं’ असं आपल्याला म्हणता येणार नाही.

आता समितीच्या अडचणीकडे येते. दुचाक्या पॅसेजमध्ये येतात त्या मुख्य फाटकातूनच, त्यामुळे त्यांचा बंदोबस्त फाटकावर व्हायला हवा. चोरीच्या भीतीवरही उपाय आहे, आणि तो नवाही नाही. १८८३ साली इंग्लंडमधल्या संडरलँड इथे एका सभागृहात खेळ संपल्यावर भेटवस्तू घ्यायला मुलं जिन्यावरून धावली. खालचं दार एका वेळी एकच मूल जाईल एवढं उघडं ठेवून अडकवलेलं होतं. त्या चेंगराचेंगरीत १८३ मुलं गुदमरून गेली. त्यानंतर आतून ढकलताच सुटणारी कडी शोधली गेली, तीच आजची पॅनिक बार. दारावर आडवी दांडी असते, अंगाचा रेटा पडला तरी कडी सुटते. बाहेरून मूठच ठेवली नाही तर कुणी आत शिरू शकत नाही. सोबत बझर लावला तर दार उघडल्याचं गल्ल्यावरच्या माणसाला लगेच कळतं. दुकान चालू असताना दार उघडं ठेवून तिथे एक कॅमेरा लावावा, आणि गिऱ्हाईक कमी असतं त्या वेळी दार लोटून पॅनिक बारवर ठेवावं. मात्र दार बाहेरच्या बाजूला उघडणारं हवं. आत उघडणारं दार गर्दीच्या रेट्याने बंदच राहतं, मग कुलूप असो वा नसो.

रात्रीची गोष्ट वेगळी. गाळ्यात कुणी नसेल तर खुशाल कुलूप घालावं. पण खरंच कुणी नसतं का? दोन गाळ्यांच्या पोटमाळ्यावर कामगार मुलं झोपतात हे आपल्या इमारतीत सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. ९ मे २०१९ च्या पहाटे पुण्याजवळ उरुळी देवाची इथे साड्यांच्या दुकानाला आग लागली. दुकानाला बाहेरून कुलूप होतं, आत झोपलेले ५ कामगार मेले. आपल्या पोटमाळ्यावरची मुलंही कुणाच्या तरी घरची आहेत. त्यांना आत ठेवून शटरला बाहेरून कुलूप लागत असेल तर ते आजच थांबलं पाहिजे, त्यासाठी सभेची वाट पाहायला नको.

माझी विनंती अशी. पॅसेजच्या जाळीचं कुलूप ताबडतोब काढावं. मागची दारं मोकळी करून पॅनिक बार बसवण्याबद्दल गाळेधारकांना लेखी कळवावं, आणि खर्चाचा वाटा कसा असावा हा विषय येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा. जुलैच्या तपासणीला येणाऱ्या संस्थेकडून प्रत्येक दार उघडून दाखवून घ्यावं. गाळेधारकांशी बोलायला समितीतलं कुणी जाणार असेल, तर मी सोबत यायला तयार आहे. कपड्यांच्या दुकानातली खोकी हलवण्यापासून सुरुवात करता येईल.

कळावे,
आपली नम्र,
एक सभासद