ऐतिहासिक चित्रपटातले उच्चार : कोण कोणाशी बोलतो, ते आधी ठरवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ऐतिहासिक चित्रपटांतल्या नटांच्या उच्चारांवरून आपल्या पत्रसदरात दोन तट पडलेले दिसतात. एकाला मराठा सरदाराच्या तोंडचे लखनवी हिंदी सोसत नाही. दुसरा म्हणतो, अभिनय कसदार असला की झाले. अठराव्या शतकात कोण कसे बोलत होते हे ऐकून आलाय कोण? इंदुरात नाटक आणि डबिंगसाठी उच्चारांची तयारी करून घेणारे आम्ही काही जण आहोत. आमच्या मते वाद जिथे घातला जातो आहे, तिथे मुळी चूक होतच नाही. ती होते त्याच्या दोन पायऱ्या आधी.

दुसऱ्या तटाचे अर्धे म्हणणे खरे आहे. पेशवाईतला पत्रव्यवहार मोडीत, आणि मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद सहसा पाळत नसत. च आणि जचे दोन-दोन उच्चार तर आपण आजही वेगळे लिहीत नाही. त्यामुळे बाजीरावांचा हुबेहूब उच्चार कोणी काढून दाखवतो म्हणाला तर त्याच्यापासून दोन हात दूर राहावे. शिवाय हिंदी चित्रपटातला पेशवा आपल्या आईशी हिंदीत बोलतो, म्हणजे सगळा प्रसंगच अनुवादात चाललेला असतो. ‘द डेथ ऑफ स्टालिन’ या २०१७ च्या चित्रपटात रशियन नेते झालेले ब्रिटिश आणि अमेरिकन नट सरळ आपापल्या इंग्रजीत बोलले, मार्शल झुकोव्ह तर यॉर्कशरच्या उच्चारात. आणि ते कुठे खटकले नाही, कारण सगळ्यांना एकच नियम लावलेला होता.

आपल्याकडे नियमच नसतो. असलाच तर उलटा असतो. दोन मराठे सरदार तंबूत एकमेकांशी बोलत असतात, म्हणजे खरे तर मराठीत बोलत असतात. तिथे त्यांच्या हिंदीला मराठी हेल दिला जातो, मध्येच एखादे ‘काय’, एखादे ‘आहे’ पेरले जाते. पण स्वतःच्या भाषेत बोलणाऱ्याला स्वतःच्या कानी हेल नसतोच. तिथे स्वच्छ, साधे हिंदी हवे. तोच सरदार दिल्लीच्या वजिरापुढे उभा राहतो तेव्हा तो खरोखरच परक्या भाषेत बोलतो आहे. नेमका तिथे हेल गायब होतो आणि नट अस्खलित उर्दू बोलू लागतो, नुक्त्यांसकट, म्हणजे ख़, ग़ असे घशातले उच्चार करीत. ही अदलाबदल दुरुस्त केली तरी निम्मे काम झाले.

बुराडी घाटावर, १० जानेवारी १७६० ला, दत्ताजी शिंद्यांच्या तोंडी परंपरेने जे वाक्य आहे ते हिंदीत आहे, कारण ते शत्रूला उद्देशून आहे. मराठी पुस्तकांत ते ‘बचेंगे तो और भी लढेंगे’ असे छापतात, लढेंगे, ढचा. हिंदीत ते लड़ेंगे. चित्रपटात या एका ठिकाणी मराठी तोंडचा ढ ऐकू यायला हवा. नावांचेही तसेच. महादजी शिंदे आपल्या छावणीत पाटीलबावा, दिल्लीकरांच्या तोंडी पटेल. सगळ्यांनी सरसकट सिंधिया म्हणायचे असेल तर मग एकाला ग्वाल्हेरचा आणि दुसऱ्याला रोहिलखंडाचा पोशाख तरी कशाला वेगळा द्यायचा?

आता परक्याशी बोलतानाचे मराठी वळणाचे हिंदी म्हणजे नेमके काय? पडद्यावर रूढ झालेले आहे ते मुंबईच्या हवालदाराचे. त्यातली मुंबई १७६० साली नव्हतीच. खरी लक्षणे थोडी आणि नेमकी आहेत. हिंदीतले है, और, पैसा यांतले स्वर सपाट असतात. मराठी माणूस ते जोडस्वर करून म्हणतो, पइसा, अउर. पहले, शहर, कहना यांत हिंदी भाषक हच्या आधीचा अ एकाराकडे झुकवतो, मराठी माणूस तो अ पुरा ठेवतो. ख़, ग़, क़ यांचा घशातला उच्चार जातो. ‘ने’ची चूकही वाटेल तिथे घालू नये. मराठीत ‘मी पाहिले’, ‘तू पाहिलेस’, पण ‘त्याने पाहिले’. म्हणून मराठी माणसाच्या हिंदीत ‘मैं देखा’ येईल, ‘उसने देखा’ मात्र बरोबरच येईल. संवादलेखक सगळीकडचे ‘ने’ उडवून देतात आणि सेनापतीचा विदूषक होतो. आम्ही आणि आपण हा भेद हिंदीत ‘हम’मध्ये बुडतो, पण माळव्यातल्या हिंदीत ‘अपन’ आहे, राजवाड्यापासून छप्पन दुकानपर्यंत रोज ऐकू येतो. होळकरांच्या माणसाला तो द्यायला काहीच हरकत नाही.

नटाला शिकवण्याच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक हावरेपणाची. पंधरा ध्वनी एकदम शिकवले की एकही टिकत नाही. चारच धरावेत : ळ, ण, दंततालव्य च-ज, आणि ज्ञ.

ळ हिंदी नटाला ल म्हणून जमत नाही, ड़ म्हणून जमतो. पेड़ म्हणताना जिभेचे टोक मागे वळून टाळूवर आपटते आणि लगेच सुटते. ते न सोडता तिथेच दाबून धरायचे आणि हवा दोन्ही बाजूंनी जाऊ द्यायची, झाला ळ. पहिल्या आठवड्यात ‘होड़कर’ ऐकू येईल, म्हणजे जीभ लवकर सुटते आहे. ‘होलकर’ ऐकू आले तर जीभ वळलेलीच नाही. आधी दोन स्वरांमधला घ्यावा, काळा, डोळा, गोळा. शब्दाच्या शेवटचा, बाळ, जवळ, सकाळ, सर्वांत उशिरा. माळवी, राजस्थानी किंवा गुजराती घरातला नट असेल तर हा धडा लागतच नाही, कारण ळ त्याच्या घरचाच असतो. मुंबईहून येणाऱ्या निर्मात्यांना उज्जैन-देवासच्या रंगकर्मींचा हा फायदा माहीत नसतो, आणि इंदूर शहरातल्या निम्म्या पाट्या स्वतःच ‘होलकर’ लिहितात, त्याला काय करणार! ण बिघडतो तो ड़ँ होऊन. त्यालाही इलाज तोच, जीभ धरून ठेवणे.

चचे उलटे आहे. चांगला, चाकर, चूक यांत जिभेचे टोक वरच्या दातांच्या मुळाशी लागते. ‘उत्सव’मधला त्स एका झटक्यात म्हटला की जमतो. ढिला पडला तर ‘सांगला’ होतो. पुढे इ, ए किंवा य आला की मात्र तालव्यच, म्हणजे जीभ टाळूला लावून : माझा पण माझी, त्याचा पण त्याचे. आणि संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द तालव्य राहतात. नवा शिकलेला नट इथे हटकून फसतो. जरीपटका, जखम, जहागीर बरोबर म्हणतो आणि त्या उत्साहात ‘जय’ आणि ‘जगदंब’सुद्धा दातांवर आणून ठेवतो. ही चूक न शिकलेल्या नटाच्या चुकीपेक्षा जास्त टोचते, कारण ती नेमकी घोषणेत, सगळ्यात मोठ्या आवाजात येते.

ज्ञ आणि अनुस्वार पाच मिनिटांचे काम. दरबारात ‘आज्ञा’ शंभर वेळा येते; मराठी दरबारात ती आद्न्या, हिंदी तोंडी आग्या. सिंहगड सिंव्हगड. कृष्णा क्रुष्णा, क्रिष्णा नव्हे.

या चारांवर सहा आठवडे, रोज वीस मिनिटे. चित्रीकरणाच्या आधी दोन दिवसांची कार्यशाळा घेऊन काही हाती लागत नाही. जीभ ही सवयीची बाब आहे. शेवटचे आठ दिवस सराव पोशाखात करावा. स्पिरिट गमने चिकटवलेल्या मिशीने वरचा ओठ ताठतो आणि प, ब, म जड होतात. मोठी नथ ओठावर आली की नटी नकळत तोंड कमी उघडते आणि तिचा आ आखडतो.

संहिता पक्की होताना एक उच्चारपत्रक करावे. त्यात सगळी माणसे, गावे, हुद्दे, शस्त्रे, साधारण सव्वाशे-दीडशे शब्द, एकाच आवाजात ध्वनिमुद्रित करून प्रत्येकाच्या फोनवर द्यावेत. डबिंग स्टुडिओत आणि निवेदकालाही. नायक ‘मल्हारराव’ म्हणतो आणि निवेदक एक र गिळून ‘मल्हाराव’, हे या कागदाच्या अभावी होते. त्याच कागदाच्या मागे प्रत्येक पात्राचे जन्मगाव, घरची भाषा, आणि कोणत्या प्रसंगात कोणाशी बोलतो, एवढे लिहावे.

हा मागचा भाग आम्हाला पुढच्यापेक्षा मोलाचा वाटतो. अहिल्याबाई चौंडीच्या, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या. १७३३ साली लग्न होऊन होळकरांच्या घरात आल्या, १७९५ साली महेश्वरला वारल्या. पहिल्या भागातली मुलगी आणि शेवटच्या भागातल्या मातोश्री एकाच छापील पुणेरी मराठीत कशा बोलतील? लहानपणी गावचे वळण आणि उतारवयात माळव्याचा सैल हेल, इतका फरक दोन नट्या सहज दाखवू शकतात. झाशीच्या लक्ष्मीबाईंचा जन्म वाराणसीचा, बालपण बिठूरच्या मराठी वाड्यातले, संसार बुंदेलखंडात. त्यांच्या मराठीवर सदाशिव पेठ लादण्याचे कारण नाही. बडोद्याचे सयाजीराव कवळाण्याहून १८७५ साली, बाराव्या वर्षी आले आणि वाड्यात शिकले. तिथे उच्चारातला बदल हीच अर्धी कथा आहे.

इंग्रज साहेबालाही हाच कागद लावावा. ‘हम टुमको’मधला ट निरीक्षण म्हणून बरोबर आहे, इंग्रजी टी दातांच्या मागे उंचवट्यावर उच्चारतात, आपल्या कानाला तो ट वाटतो. पण जानेवारी १८१८ मध्ये होळकरांचे कारभारी तात्या जोग यांच्याशी मंदसोरचा तह करणारा कंपनीचा अधिकारी जॉन माल्कम १७८३ साली पोरवयात मद्रासला उतरलेला होता आणि फारसी जाणत होता. त्याच्या तोंडी मोडके व्याकरण शोभत नाही. आणि तो स्कॉटलंडचा. त्याचा र ठसठशीत हवा, लंडनच्या क्लबातला गुळगुळीत नको.

चित्रीकरणात काय सोडून द्यावे हेही माहीत असावे. ल आणि ळ, तालव्य आणि दंततालव्य च यांतला फरक ओठांवर दिसत नाही, त्यामुळे तो डबिंगमध्ये सुधारता येतो. फ दातांवर ओठ टेकवून म्हटला तर दिसतो. सपाट स्वर आणि जोडस्वर जबड्याच्या हालचालीवरून कळतात. हे जागेवरच बरोबर आले पाहिजेत. ओरडताना प्रत्येकाची मातृभाषा वर येते, म्हणून घोड्यावरची आणि रणातली वाक्ये स्टुडिओत पुन्हा घ्यायची हे आधीच धरून चालावे आणि तिथे नटाला छळू नये. डबिंग तीन-चार महिन्यांनी होते, तोवर सवय मोडलेली असते. माइकपुढे जाण्याआधी अर्धा तास त्याचेच चांगले आलेले टेक त्याला ऐकवावेत. वाक्य तुकड्या-तुकड्याने घेताना हेल हमखास जातो, म्हणून प्रसंग एकदा सलग म्हणवून घ्यावा, मग तुकडे.

एवढे करायची तयारी नसेल तर सरळ सगळ्यांना साधे, प्रमाण हिंदी द्यावे आणि फक्त विशेषनामे नीट म्हणावीत. तो पर्याय पूर्ण सन्माननीय आहे. वाईट दिसते ते अर्धवट.

शेवटी आपल्या परिसरापुरते. महेश्वरच्या घाटावर वरचेवर चित्रीकरणे होतात. जमावात उभे केलेले लोक महेश्वर-मंडलेश्वरचे, निमाडी बोलणारे असतात. अहिल्याबाईंची तिथली प्रजाही निमाडातलीच. म्हणजे सगळ्या पथकात स्थानिक भाषा घरून घेऊन येणारी माणसे हीच, आणि त्यांनाच ‘ओठ नुसते हलवा’ म्हणून सांगतात. मग मुंबईच्या स्टुडिओत दुसरेच लोक प्रजेचा कोलाहल भरतात. त्याऐवजी चित्रीकरण आटोपल्यावर, बोटी आणि जनरेटर बंद करून, त्यांच्यातल्या आठ-दहा बायका-पुरुषांना माइकपासून पाच-सहा फुटांवर अर्धवर्तुळात उभे करावे. बाजारभाव, पाण्याची पातळी, जयजयकार, रडारड असे विषय देऊन प्रत्येक विषयावर तीन मिनिटे त्यांना मोकळे बोलू द्यावे, दोनदा, दुसऱ्या वेळी जागा बदलून. तासाभरात काम होते, आणि त्या आठ-दहा जणांना अर्ध्या दिवसाचे मानधन जास्तीचे द्यावे लागते.

आपले,
उच्चार व डबिंगचे काम करणारे काही मराठी रंगकर्मी,
इंदूर