पुढच्या आगमनकाळासाठी, लेकीस

नंदुरबार,
१५ डिसेंबर २०२५

चि. सोनूस,

प्रभू येशूच्या नावात सलाम आणि अनेक आशीर्वाद.

पुढच्या वर्षीच्या आगमनकाळाचं, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांचं, काम तुमच्या तिथल्या तरुण संघाने तुझ्याकडे दिलंय हे ऐकून मला मनापासून आनंद झाला. तू म्हणालीस, "आई, आपल्या मंडळीत काय काय करतात ते सविस्तर सांग." फोनवर एकीकडे तुझ्या दवाखान्याच्या वॉर्डातल्या हाका, दुसरीकडे माझा कुकर, त्यात सविस्तर काय होणार? म्हणून लिहायला बसले. आमचं सगळं अजून चालूच आहे, त्यामुळे विसरायच्या आत कागदावर येईल.

आधी तारखांचं, कारण सगळे तिथेच फसतात. ३० नोव्हेंबरच्या सगळ्यात जवळचा रविवार तो आगमनाचा पहिला. यंदा तो नेमका ३० तारखेलाच आला. २०२३ साली चौथा रविवार २४ डिसेंबरला आला होता, आणि सकाळी चौथी मेणबत्ती, रात्री नाताळची भक्ती अशी सगळ्यांची तारांबळ उडाली होती. पुढच्या वर्षी पहिला रविवार २९ नोव्हेंबरला आहे. म्हणजे २४ डिसेंबर धरून तुमच्या हातात २६ दिवस. दिवाळीच्या सुट्टीआधीच कामं वाटून टाक. सुट्टीनंतर कोणी हाताला लागत नाही.

मेणबत्त्यांचं चक्र मात्र मुलांकडेच दे, मोठ्यांनी त्यात हात घालू नये. आपल्या शब्बाथ शाळेच्या मुलांनी यंदा सायकलची जुनी रिम घासूनपुसून घेतली, तिला अशोकाची पानं बांधली आणि चार मेणबत्त्या बसवल्या. आशेची, शांतीची, आनंदाची, प्रीतीची. पाळकसाहेबांनी मुलांना सांगितलं की हे चक्र पहिल्यांदा १८३९ साली जर्मनीत हॅम्बुर्गला केलं गेलं. योहान विखर्न नावाचे पाळक तिथे गरीब, निराधार मुलांचं घर चालवायचे. नाताळ कधी येणार, म्हणून मुलं रोज विचारायची. त्यांना दिवस मोजता यावेत म्हणून विखर्न यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या मोठ्या आणि मधल्या वारांच्या लहान. हे ऐकल्यापासून आपल्या पोरांना त्या रिमेचं एवढं प्रेम आलंय की रोज संध्याकाळी कोणीतरी येऊन पानं ओली करून जातं.

आता खरं काम. तुमच्याकडे पहिल्याच मीटिंगला नाताळची चांदणी केवढी करायची, स्टेज कुठून भाड्याने आणायचं यावर बोलणं सुरू होईल. होऊ दे. पण तू आधी एवढंच विचार की आपण कोणाकडे जाणार आहोत, आणि त्यांना काय हवंय ते कोणी जाऊन विचारलंय का? माझं मत पक्कं आहे, सोनू. प्रभूची वाट बघणाऱ्या मंडळीने हे दिवस स्वतःच्या दारात तोरणं बांधण्यात घालवू नयेत.

तुला मिरचीच्या पथाऱ्या माहीत आहेतच. शाळेची बस जायची तेव्हा तू नाकाला रुमाल लावून बसायचीस. ऑक्टोबरपासून गावाबाहेर लाल मिरचीचे गालिचे पसरतात, आणि आपल्या भागातल्या बाया दिवसभर तिथे मिरची उलथतात, देठ खुडतात, प्रतवारी लावतात. लेकरं बरोबरच. यंदा महिला मंडळाच्या दोघी-तिघी ऑक्टोबरअखेरीस तिथे नुसत्या जाऊन बसल्या. हातात काही नेलं नाही. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याबरोबर भाकरी खाल्ली आणि विचारलं, बायांनो, तुम्हाला कशाची अडचण आहे? आमच्या डोक्यात साड्या, धान्य, असलं काहीतरी होतं. त्यांनी मागितल्या दोनच गोष्टी. लहान लेकरांना धुळीपासून लांब बसवायला जागा, आणि हाताच्या आगीवर काहीतरी उपाय. एक तरणी पोरगी दोन्ही तळवे पुढे करून म्हणाली, "हात लावा ते लेकरू रडस, माय." दिवसभर राबून आलेल्या आईला लेकराला जवळ घेता येत नाही, हे माझ्या मनातून जातच नाही.

हाताचं तूच फोनवर सांगितलं होतंस. तिखट पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. आता सुट्टी व्हायच्या वेळी आमच्यातली एक जण खोबरेलाचा डबा घेऊन तिथे असते. बाया ओळीने बसतात. तेल बोटांच्या बेचक्यात, नखांच्या कडेने नीट चोळायचं, कोरड्या चिंधीने पुसायचं, परत चोळायचं, मग साबणाने धुवायचं. नुसतं पाणी घेतलं तर आग पसरते, हे त्यांनाही अनुभवाने माहीत होतं, पण रोज एवढं तेल कुठून आणणार? एक म्हातारी पहिल्या दिवशी हात पुढे करेना. "तुमच्या हाताला लागंल," म्हणाली. लागतंच. मीही घरी येऊन तेल चोळते, आणि तरी दुसऱ्या दिवशी जावंसं वाटतं.

जागेचा प्रश्न मात्र प्रवचनाने सुटला. दुसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी योहान बाप्तिस्मा करणाऱ्याचा भाग घेतला होता, लूकचा तिसरा अध्याय. लोक विचारतात, मग आम्ही काय करावं? तो म्हणतो, दोन अंगरखे असतील त्याने एक नसलेल्याला द्यावा. हे आपण सगळे ऐकत आलोय. पण पुढे जकातदार विचारतात, त्यांना तो सांगतो, ठरलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपाई विचारतात, त्यांना सांगतो, कोणावर जुलूम करू नका, पगारात समाधानी राहा. पाळकसाहेब म्हणाले, बघा, प्रत्येकाला त्याच्या धंद्यातलंच उत्तर मिळालंय. आपल्या मंडळीतले एक भाऊ मिरचीच्या व्यापाऱ्याकडे दिवाणजी आहेत. ते उपासना संपल्यावर काही बोलले नाहीत. बुधवारी निरोप आला की शेठ गोदामाच्या बाजूची जुनी पत्र्याची शेड मुलांसाठी द्यायला तयार आहेत, पाण्याच्या टाकीसकट. आपल्या पोरांनी ती झाडून धुऊन काढली, साड्यांच्या झोळ्या बांधल्या. आता कॉलेजची मुलं-मुली पाळीपाळीने सकाळी तिथे असतात. खिचडी असते, गाणी, अंक, चित्रं असतात.

तिथे आम्ही शास्त्र शिकवत नाही, पत्रकं वाटत नाही. यावर पंच कमिटीत बरीच चर्चा झाली आणि काही वडीलधाऱ्यांना ते पटलं नाही. माझं म्हणणं मी मांडलं: त्या बाया रोजंदारीवर आहेत, लेकरू आपल्या हवाली केलंय, त्यांना आपल्याला नाही म्हणायची सोय नाही. अशा माणसापुढे आपली श्रद्धा मांडणं म्हणजे त्याच्या गरजेचा फायदा घेणं. कोणी आपणहून विचारलं, तुम्ही का येता, तर आनंदाने आणि स्पष्ट सांगायचं. आणि फोटो काढायचे नाहीत. हे दोन नियम तू तुमच्याकडेही पहिल्याच दिवशी लिहून घे.

ब्लँकेटं पहिल्याच रविवारी गोळा केली आणि त्याच आठवड्यात वर धडगावकडे पोहोचवली. सातपुड्यात थंडी काही २४ डिसेंबरची वाट बघत नाही.

रक्तदान दुसऱ्या रविवारी झालं. हे तुझ्या क्षेत्रातलं, त्यामुळे तुला जास्त कळेल. आपल्याकडे सिकलसेलची, त्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, किती घरं आहेत ते तुला माहीत आहे, आणि थंडीत त्यांचं दुखणं कसं उसळतं तेही. रक्त लागतंच. यंदा एक वेगळीच गोष्ट समोर आली. द्यायला आलेल्या बायांपैकी कितीतरी जणी परत फिरल्या, कारण हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली. उत्साहाने सकाळपासून रांगेत उभ्या होत्या, बिचाऱ्या हिरमुसल्या. दुसऱ्यांना रक्त द्यायला निघालेल्या आपल्याच बाया अशक्त आहेत, हे मंडळीला त्या दिवशी दिसलं. आता दर महिन्याच्या महिला सभेत तपासणी करायची असं ठरलंय. तू सुट्टीवर आलीस की लोहाच्या गोळ्या कशा घ्यायच्या, चहाबरोबर का घ्यायच्या नाहीत, हे त्यांना समजावून सांग. तुझं ऐकतील.

आणि काल तिसरा रविवार. आज सकाळीच परतलो, अजून कपड्यांना चुलीच्या धुराचा वास आहे. आपल्या मंडळीतले किती बाक डिसेंबरात रिकामे असतात ते तू लहानपणापासून बघितलंय. दिवाळी झाली की ऊसतोडीचे कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, निघतात, नवापूरमार्गे खाली गुजरातेत, मढी, बारडोली, चलथाणच्या कारखान्यांकडे. गावात राहतात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. आधी आम्ही त्यांच्या नावाने प्रार्थना करायचो, आणि त्यांचा नाताळ तिकडेच उसाच्या फडात जायचा. आता आपलीच ताप्ती लाईनची गाडी धरायची आणि त्यांच्या पडावावर, मुक्कामाच्या जागी, जायचं असं ठरलंय.

रविवार असला तरी तोडीला सुट्टी नसते. गाडी भरून झाल्यावर माणसं पडावावर आली तेव्हा पुरता अंधार पडला होता. पाचटाच्या झोपड्या, दारात चुली. बाया आधी भाकरी थापायला बसल्या, आम्हीही त्यांच्या शेजारी बसून थापल्या. जेवणं झाली आणि मग भक्ती. पेटी नव्हती. एक ढोलकी, खंजिरी आणि त्यांच्यातल्याच एकाची पावरी, ते फुंकून वाजवायचं वाद्य. मावची बोलीतली गाणी सुरू झाली तशी शेजारच्या पडावातली माणसंही येऊन बसली, त्यांत कोण कुठल्या धर्माचं कोणी विचारलं नाही. गावी राहिलेल्या आज्यांचे निरोप आम्ही फोनवर बोलून घेतले होते, ते एकेकाला ऐकवले. एका आजीने फक्त एवढंच म्हटलं होतं की शेळी व्याली, दोन पिल्लं आहेत, काळजी करू नका. तिचा मुलगा ते चार-पाच वेळा लावून ऐकत होता. जाताना पाळकसाहेबांनी मुकादमाचीही भेट घेतली आणि तापाने पडलेल्या एका बाईला दवाखान्यात न्यायची खटपट केली. पहाटेच्या अंधारात माणसं परत फडाकडे निघाली आणि आम्ही स्टेशनकडे.

कॅरल पार्टी आता २० पासून नाताळची गाणी म्हणत घरोघर फिरेल. यंदाचा क्रम बदललाय. आधी एकटी राहणारी म्हातारी माणसं, आजारी, ज्यांच्या घरी यावर्षी मौत झाली ती घरं, आणि मग बाकीचे. मोठ्या घरचा फराळ शेवटी. मार्गशीर्षाच्या गुरुवारी शेजारच्या वहिनींनी नेहमीप्रमाणे मला हळदीकुंकवाला बोलावलं, मी जाऊन बसून आले. त्यांच्या हातचा फराळ आपल्याकडे आला, आपली नानकटाई त्यांच्याकडे जाईल. सारंगखेड्याच्या यात्रेला जाणाऱ्या गाड्यांमुळे रस्त्यावर गर्दी होती, पण दत्तजयंती आणि आपला आगमनकाळ एकाच महिन्यात येतात याचं मला बरंच वाटतं. सगळं गावच तेव्हा देवाच्या कामात असतं.

खर्चाचं तू विचारलं होतंस. स्टेज यंदा नाही. त्याचे पैसे तेल, खिचडी आणि गाडीभाड्याला गेले. चांदणी मात्र तरुणांनी बांबू आणि पतंगाच्या कागदाची केलीय, आणि ती खरंच सुंदर झालीय. सुंदर गोष्टींना माझा विरोध नाही, त्या विकतच्या असल्या पाहिजेत असं नाही एवढंच. शेड फेब्रुवारी-मार्चपर्यंत, पथाऱ्या उठेस्तोवर चालू ठेवायची. आत्तापासून पाळ्या लावून ठेवल्यात, नाहीतर नाताळ झाला की सगळे गळतात.

२५ तारखेला तुझी ड्युटी आहे म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. तुझे बाबा म्हणतात, पेशंटला सुट्टी नसते. नानकटाईला बेकरीवाल्याने २० ची पाळी दिलीय, रवा-मैदा-तूप घेऊन सकाळीच जायचंय. २१ ला ट्रॅव्हल्सने दोन डबे पाठवते. एक तुझा, एक वॉर्डातल्या सगळ्यांचा. गाडीचा नंबर बाबा कळवतील. रिकामे डबे परत आण, त्यातला स्टीलचा आजीचा आहे.

तुझी,
आई

ता. क. तुमच्या मंडळीच्या आसपास बांधकामावरच्या मजुरांची वस्ती नक्की असेल. पुढच्या आगमनकाळाची वाट बघू नकोस. जानेवारीत सुट्टी मिळेल तेव्हा एखाद्या मैत्रिणीला घेऊन तिथे जाऊन बस आणि काय हवंय ते विचारून ये. मला कळव.