सलूनमधील कोंडलेली हवा

संपादक महोदय,

दर हिवाळ्यात मुंबईच्या हवेची चर्चा बांधकामांची धूळ आणि वाहनांचा धूर यांपुरतीच राहते. सलून व ब्यूटी पार्लरमधील हवेची कोणी साधी चौकशीही करत नाही. दादर-परळ भागात अनेक सलून लहान गाळ्यांत वा पोटमाळ्यांवर चालतात. काचेचे दार बंद, खिडकी नाही आणि स्प्लिट एसी चालू. हा एसी खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीत सोडतो, त्यामुळे रसायनांच्या वाफा आतच साठत जातात.

सर्वाधिक चिंता केस सरळ व मुलायम करण्याच्या उपचारांची आहे. ‘केराटिन’ या नावाखाली वापरल्या जाणाऱ्या अनेक द्रावणांवर तापलेले स्ट्रेटनिंग मशीन फिरवले की फॉर्मल्डिहाइड वायू बाहेर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच तो माणसात कर्करोग निर्माण करणारा ठरवला असून, बंद जागेत त्याचे प्रमाण अर्ध्या तासाच्या सरासरीने घनमीटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे संघटनेचे २०१० पासूनचे मार्गदर्शन आहे. बाटलीवर ‘फॉर्मल्डिहाइडमुक्त’ असे छापलेले असले तरी निर्धास्त होता येत नाही, कारण मिथिलीन ग्लायकॉल असलेले द्रावण तापल्यावर तोच वायू सोडते. केसांचा रंग फिका करणाऱ्या ब्लीच पावडरमधील परसल्फेट या रसायनामुळेही दमा जडू शकतो.

ग्राहक काही तासांत घरी जातो. तेथे काम करणारी मुले-मुली मात्र लग्नसराईत रात्री उशिरापर्यंत त्याच हवेत उभी असतात. डोळे चुरचुरणे, घसा धरणे, खोकला यांना ती ‘कामाचा भाग’ समजतात, हे मला फार अस्वस्थ करते. त्यांना दिलेला कापडी मास्क वायू अडवत नाही.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये वायुवीजनाचा उल्लेख आहे, परंतु मोजकी माणसे कामाला असलेल्या दुकानांना त्यातील बहुतेक तरतुदी लागू होत नाहीत, आणि आपली बहुसंख्य सलून नेमकी तशीच आहेत. म्हणून अशा प्रत्येक सलूनमध्ये एक्झॉस्ट पंखा महापालिकेने सक्तीचा करावा. त्याचे तोंड इमारतीच्या जिन्यात नव्हे, मोकळ्या हवेत उघडणारे असावे. अन्न व औषध प्रशासनाने या द्रावणांचे नमुने दुकानांतून व सलूनमधून घेऊन तपासावेत आणि निष्कर्ष उत्पादनांच्या नावांसह मराठीत जाहीर करावेत.

– एक वाचक, दादर, मुंबई