रजिस्टरवाल्याचं फिनऑप्स

प्रिय संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला क्लाउड आणि आयटीतल्या नोकऱ्यांवरचा लेख मेट्रोत वाचला, घाटकोपर ते चकाला उभ्यानं. कालच पत्र लिहिलं असतं तर तुम्ही ते छापलंच नसतं, म्हणून मध्ये एक रात्र जाऊ दिली. फार फरक पडलेला नाही.

आधी फोटो. क्लाउडवर लेख म्हणून मरीन ड्राइव्हवरच्या पावसाळी ढगांचा फोटो? अहो, क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतले, भाड्याने घेतलेले सर्व्हर, म्हणजे मोठे कॉम्प्युटर. ऐरोली-महापेला जाऊन बघा, बाहेर डिझेल जनरेटर, आत चोवीस तास एसी आणि रात्रपाळीला आमच्यासारखीच माणसं. आणि लेखक लिहितात की क्लाउड 'आता आपल्या दाराशी येऊन ठेपलंय'. मायक्रोसॉफ्टने २०१५ ला, अ‍ॅमेझॉनने जून २०१६ ला आणि गुगलने २०१७ ला मुंबईत क्लाउडचं दुकान थाटलं. पाहुणा जेवून, झोपून, घराची किल्ली खिशात घालून बसलाय आणि तुम्ही आत्ता तोरण बांधताय.

असो. खरा राग दोन गोष्टींचा. एक, 'सर्व्हर रूम सांभाळणाऱ्या पिढीचं कौशल्य कालबाह्य झालं' हे वाक्य. आणि त्याच्याच खाली चौकटीत उद्याची पाच कौशल्यं, त्यात तिसरं फिनऑप्स, म्हणजे क्लाउडचं बिल कुठे कसं वाढतंय त्यावर लक्ष ठेवणं. आता ऐका.

अंधेरीला एमआयडीसीत आमच्या कंपनीची सर्व्हर रूम मी १९ वर्षं सांभाळली. दाराजवळ दोरीने बांधलेलं लांब रजिस्टर होतं, त्यात सकाळ-संध्याकाळ खोलीचं तापमान, यूपीएसवरचा लोड, रात्रीच्या बॅकअपचा टेप नंबर आणि सही. मग सगळं क्लाउडवर गेलं, खोली बंद झाली, सर्व्हर भंगारवाल्याने किलोवर नेले (जो सर्व्हर घ्यायला तीन सह्या आणि सहा महिने लागले होते तो काट्यावर ठेवून मला म्हणतो, साहेब, यात नुसता पत्राच आहे). रजिस्टर मात्र मी डेस्कवर आणलं, अर्ध्याहून जास्त पानं कोरी होती. रोज सकाळी क्लाउडच्या बिलाचं पान उघडायचं आणि कालचा आकडा पेनाने लिहायचा. पोरं हसायची. काका, हे सगळं डॅशबोर्डवर दिसतं की! दिसतं, पण बघतं कोण?

मागच्या गणपतीत आमचा दीड दिवसाचा बाप्पा पोचवून मी कामावर आलो, आकडा बघितला. एरवी नऊ-दहा हजार, त्या दिवशी चौऱ्याहत्तर हजार. चष्मा पुसून परत बघितलं. हरतालिकेच्या संध्याकाळी टेस्टिंगवाल्या मुलाने लोड टेस्टसाठी, म्हणजे एकदम गर्दी झाली तर सिस्टीम टिकते का ते बघायला, क्लाउडवर चाळीस मशिनं चालू केली होती आणि रात्रीची गाडी पकडून गावी गेला, कुडाळला. बिल वाढलं की मेल जाईल अशी सोय केलेली होती, नाही असं नाही, मेल जातही होता, फक्त जो माणूस आदल्या दिवाळीत नोकरी सोडून गेला त्याच्या पत्त्यावर. आणि माझ्या लॉगिनला फक्त बघायची परवानगी! बिल दिसतंय, बटण दाबता येत नाही. मॅनेजर सुट्टीवर. मुलाला फोन लावला तर मागे टाळ-झांजा, 'काका आरती चाललीय, नंतर करतो'. दुसऱ्या दिवशी कुठल्याशा सड्यावर रेंज मिळाली तेव्हा त्याने मशिनं थांबवली. तोवर अडीच लाख.

वर म्हणतो, झालं काका, स्टॉप केलं. मी म्हटलं बाबा रे, मशीन स्टॉप केलं तरी त्याच्या डिस्कचं भाडं चालूच असतं, आणि फेब्रुवारी २०२४ पासून अ‍ॅमेझॉन प्रत्येक पब्लिक आयपीचे, म्हणजे मशीनच्या इंटरनेटवरच्या पत्त्याचे, तासावर पैसे लावतं, वापरा नाहीतर नुसता धरून ठेवा. मंडप उतरवला पण खुर्च्या परत केल्या नाहीत तर भाडं चढणारच ना? हे त्याला माहीत नव्हतं. दोन सर्टिफिकेटं आहेत त्याच्याकडे, मुलगा हुशार आहे, माझा त्याच्यावर राग नाही.

पुढची मजा. महिनाभराने कंपनीने पाच जणांना दोन दिवसांच्या फिनऑप्स ट्रेनिंगला पाठवलं, हॉटेलात, जेवणासकट. सगळ्यात मोठा ३१ वर्षांचा. मी विचारलं तर म्हणाले, तुमचं रुटीन चालू राहू दे. आणि परत आल्यावर त्यांनी जे प्रेझेंटेशन दिलं त्यात माझ्या रजिस्टरचा फोटो! खाली लिहिलेलं, 'जुनी मॅन्युअल प्रोसेस'. त्यांच्यातल्याच एकीने जेवताना मोबाइलवर दाखवला, तिला बिचारीला वाटलं मला आनंद होईल.

तेव्हा 'शिकायची तयारी नसलेले मागे पडतील' हे तुमच्या लेखकांनी मला सांगू नये. ५१ व्या वर्षी क्लाउडची परीक्षा दिली मी, फी दीडशे डॉलर, वर टॅक्स, स्वतःच्या खिशातून, पहाटे साडेचारला उठून अभ्यास. ते सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं, मग परत परीक्षा. माझं बीएस्सीचं सर्टिफिकेट १९९४ चं आहे, अजून कुणी रिन्यू करायला बोलावलं नाही. पास झाल्यावर हुद्दा बदलून 'क्लाउड इंजिनीअर' झाला, पगार तोच. यावर लेखात एक ओळ नाही. लेखाखाली मात्र क्लाउड क्लासची पाव पान जाहिरात, आणि भाषा इतकी सारखी की लेख कुठे संपला ते पट्टी लावूनही कळेना.

क्लाउड वाईट असं मी म्हणतच नाही. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला त्या दिवशी, तळमजल्यावरच्या यूपीएसच्या बॅटऱ्या मी आणि वॉचमनने एकेक करून टेबलावर चढवल्या, ती रात्र मला परत नको आहे, कंपनीने क्लाउडवर जायचं ठरवलं तेव्हा सगळ्यात आधी हो म्हणणारा मीच होतो. पण १९ जुलै २०२४ ला एका सिक्युरिटी अपडेटने जगभरचे विंडोजवाले कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बंद पडले, विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिले, तेव्हा हजारो मशिनं एकेक करून हातानेच दुरुस्त करावी लागली. तेव्हा कालबाह्य लोकच आठवले होते सगळ्यांना.

जाता जाता, आमच्या स्टेशनच्या पुलावरच्या बंद दिव्यांबद्दल मी मागच्या महिन्यात दीड पानाचं पत्र पाठवलं होतं, ते तुम्ही चार ओळींत छापलंत आणि त्यातही पश्चिमेचं पूर्व केलंत. पूर्वेचे दिवे चालू आहेत. हे पत्र कापायचं असेल तर खुशाल कापा, फक्त अडीच लाखांचे पंचवीस हजार करू नका. नाव छापू नये, नोकरीची अजून पाच वर्षं आहेत.

आपला,
एक मॅन्युअल प्रोसेस
भांडुप (पश्चिम)