महिला सभा कागदावर नको

महिला दिनाच्या पुरवणीतील शाश्वत विकासात महिलांच्या वाट्याविषयीचा लेख वाचला. त्यातील आशावाद पटला, पण गावपातळीवरचा खरा अडसर त्यात सुटून गेला. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. घरोघरी नळाने पाणी देण्याच्या जलजीवन मिशन योजनेतील गावच्या पाणी समितीतही निम्म्या महिला असाव्यात, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. प्रत्यक्षात आमच्या काटोल भागात बैठकीला सरपंचबाईंचे यजमान बसतात आणि सहीसाठी रजिस्टर तेवढे घरी जाते. संत्र्याच्या बागांसाठी बोअर खोल खोल चालले आहेत. मे महिन्यात हातपंप आटू लागल्याचे सर्वांत आधी कळते ते पाण्याचा हंडा घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईला, आणि शेताला पाण्याची दुसरी पाळी देण्याचा निर्णय घेतात दुसरेच. पाणी किती उपसायचे, नळाला केव्हा सोडायचे, हे तिला विचारूनच ठरायला हवे. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहेच. ती कागदावर उरकली जाते, याची चीड येते. महिला सभेचे इतिवृत्त जोडल्याशिवाय जिल्हा परिषदेने पाण्याचा एकही प्रस्ताव स्वीकारू नये.

– एक वाचक, काटोल (जि. नागपूर)