विट्याहून, आप्पांचं पत्र

चि. अश्विनीस,
अनेक आशीर्वाद.

पहाटेच्या एसटीनं काही न खाता गेलीस. आई डबा घेऊन स्टँडवर पोचली तोवर गाडी सुटलेली. ती थालीपीठं मग नानांनी खाल्ली.

परीक्षेचं विचारणार नाही, असं आईला कबूल करून लिहायला बसलोय. जर्मन चालू असताना जपानी घेतलीस, आता स्पॅनिश. शिक की. रात्री पावणेबाराला रोजच्या धड्यांची ती सलग साखळी, तुझी स्ट्रीक, तुटेल म्हणून रेंज शोधत गच्चीवर पळालीस तेव्हा मी बोललो, पण माझा राग मोबाईलवर भाषा शिकवणाऱ्या त्या ड्युओलिंगोच्या घुबडावर नाही. जपानीत क्रियापद आपल्यासारखं शेवटी येतं हे तू आजीला सांगितलंस, आणि आजी ते गल्लीभर सांगत फिरतेय. मीही दोघातिघांना ऐकवलंय.

पण जर्मनीत नर्सला जर्मनची बी-टू पातळीची परीक्षा लागते हे तुझंच सांगणं. वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं, चारहीत शंभरपैकी साठ. त्यातलं बोलणं जित्याजागत्या माणसासमोर. मोबाईलवर दिलेल्या शब्दांवर बोट ठेवलं की भागतं, तिथं शब्द कोण पुढं करणार? तारीख धरलीस का? बघ, विचारलंच.

मी त्रिशूरला गलाईच्या, म्हणजे सोनं आटवून शुद्ध करायच्या दुकानात गेलो तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. मल्याळम आजही वाचता येत नाही. गिऱ्हाईक जुनी साखळी आणायचं, आटवल्यावर सोनं कमी भरलं की शिव्या सुरू. शेजारचा चहावाला मुद्दाम भलतेच शब्द शिकवायचा, मी ते गिऱ्हाइकाला म्हणायचो आणि अख्खी गल्ली हसायची. पण वर्षभरात मी भावावरून भांडायला लागलो. मल्याळमला मी-तू-ती सगळ्यांना क्रियापद एकच, ते माझं नशीब. तुझ्या जर्मनला तीन लिंगं, त्यात टेबल पुरुष आणि मुलगी नपुंसक! ते पाठ करणं सोपं नाही, कळतं मला. सातवी शिकलेल्यानं तुला भाषेवर भाषण द्यावं हेही बरं नव्हे. रागावू नकोस.

एवढंच डोक्यात येतं, की रात्रपाळीला तिकडची एखादी म्हातारी कण्हत काही सांगेल आणि तू नुसती उभी राहशील. मिरजेत कर्नाटकातल्या बायका तुझाच हात धरायच्या. ते कन्नड तू वॉर्डातच उचललंस, चुकत-माकत, त्यांच्या हसण्यावर हसत. म्हणून म्हणतो, बोल कुणाशीतरी. जपानी, स्पॅनिश कुठं पळून जातात? एक पार पडू दे आधी. परत तेच बोलतोय मी.

समोर माणूस बसेल असा क्लास पुण्यात बघ. डाळिंबाचे पैसे आलेत, काळजी करू नकोस. फी किती, कधीपर्यंत भरायची, तेवढं आजच कळव. हे परीक्षेचं विचारणं नाही, फीचं आहे.

तुझे,
आप्पा