रात्री अडीचचा प्रश्न

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री अडीच वाजता तू पाठवलेला स्क्रीनशॉट मी सकाळी नीट वाचला. 'हे युद्ध आता पसरणारच ना?' असं तू एआयला विचारलंस आणि त्यानं ठळक अक्षरांत, मुद्देसूद कारणं मांडली. ती वाचून तुझी उरलेली झोपही गेली. पण तू ज्या पद्धतीनं विचारलंस त्यातच ते उत्तर दडलेलं होतं. 'पसरणार नाही ना?' असं विचारलं असतंस, तर त्यानं बहुधा तितक्याच ठामपणे न पसरण्याची कारणं दिली असती. विचारणाऱ्याच्या सुरात सूर मिसळण्याची या यंत्रांना खोड आहे. माणसांना कोणतं उत्तर आवडतं हे बघून बघूनच ती घडवली जातात, त्यातून ही खोड लागते.

शिवाय ती मुळात पुढचा शब्द कोणता यावा याचा अंदाज बांधतात. ठाऊक असलेली गोष्ट आणि जुळवून आणलेली गोष्ट, दोन्ही एकाच गोड, घोटीव भाषेत येतात. त्यांचं शिक्षण एका ठरावीक तारखेला थांबलेलं असतं. त्यानंतरचं जग इंटरनेटवर शोधून सांगावं लागतं, आणि त्यात जुनी बातमी नवी म्हणून सहज मिसळते. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन (सार्वजनिक प्रसारकांची संघटना) आणि बीबीसीनं १८ देशांतल्या, १४ भाषांतल्या प्रसारकांकडून अशी उत्तरं तपासून घेतली. बातम्यांविषयीच्या ४५ टक्के उत्तरांत निदान एक तरी गंभीर दोष निघाला. चूक केव्हाही वाईटच, पण रात्री अडीचला ती जास्त लागते, कारण तेव्हा शहानिशा करायचं त्राण उरलेलं नसतं.

तुला स्तानिस्लाव पेत्रोव्हची गोष्ट सांगायची आहे. २६ सप्टेंबर १९८३, मध्यरात्र नुकतीच उलटली होती. शत्रूच्या क्षेपणास्त्र हल्ल्याचा इशारा देणाऱ्या सोव्हिएत संघाच्या केंद्रात हा लष्करी अधिकारी ड्युटीवर होता. उपग्रह यंत्रणेनं सांगितलं, अमेरिकेनं क्षेपणास्त्र डागलंय. मग आणखी चार. यंत्रणेला तिळमात्र शंका नव्हती. पेत्रोव्हनं विचार केला, खरा हल्ला करणारा केवळ पाच क्षेपणास्त्रांनी सुरुवात कशाला करेल? जमिनीवरच्या रडारवरही काही दिसत नव्हतं. त्यानं वरिष्ठांना कळवलं की हा यंत्राचा बिघाड आहे. पुढे उलगडा झाला: उंचावरच्या ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशालाच उपग्रह फसला होता. पेत्रोव्हच्या धाडसाचं मला कौतुक आहेच, पण जास्त कौतुक याचं की एवढ्या गोंधळातही त्याला दुसरा, वेगळा पुरावा बघायचं सुचलं.

तूही तेवढंच कर. उत्तराखाली दुवा असेल तर तो उघड. आधी तारीख बघ. मग एआयनं सांगितलेलं वाक्य त्या पानावर खरंच आहे का ते शोध. पुष्कळदा पान खरं असतं, पण ते वाक्य तिथे नसतं. आणि पुढे काय होईल हे तर त्याला विचारूच नकोस. ते कुणालाच ठाऊक नाही, वर्षानुवर्षं या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांनाही नाही.

तुला जगाची काळजी वाटते याचा मला अभिमान आहे, ती सोड असं मी कधीच म्हणणार नाही. ज्यांच्या घरांवर बॉम्ब पडतायत त्यांच्यासाठी जीव तुटलाच पाहिजे. पण तुझ्या जागरणानं त्यांना काही मिळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तुझं डोकं चालत नाही. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप हवी, आणि तू गेले कित्येक दिवस तिच्या जवळपासही नाहीस. तुझ्या आवाजावरून मला ते कळतं.

आज फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लाव. बातम्या सकाळी, उजेडात वाच. वाचून झाल्या की मला फोन कर, त्या बातमीबद्दल दोघी मिळून बोलू. मीही वाचून ठेवते.

तुझी,
आई